नडलेलं घर आणि दलालाची वही



लावणी आटोपली की आपल्या पाड्यांवर दोन माणसं हमखास येतात. एक खावटीचे कागद भरणारा, दुसरा जमिनीचा दलाल. खावटीवाला कधी उशिरा येतो, कधी येतच नाही. दलाल मात्र वेळ चुकवत नाही. गेल्या दोन महिन्यांत वाडा, शहापूर आणि मुरबाड या तिन्ही तालुक्यांतून कार्यकर्त्यांकडे एकाच तऱ्हेच्या बातम्या येत आहेत. अमक्याने विसार घेतला. तमक्याची खातेपुस्तिका झेरॉक्स काढायला म्हणून नेली, ती परत आलीच नाही. एका म्हातारीचा अंगठा झाला आणि घरातल्या सुनेला ते आठ दिवसांनी कळलं. म्हणून या अंकात मोर्चाची बातमी आतल्या पानावर ढकलली आहे आणि इथे दलालाच्या धंद्याबद्दलच लिहायचं ठरवलं आहे.

दलालाला शिव्या दिल्या की आपलं मन मोकळं होतं, पण त्याने जमीन वाचत नाही. तो कोणाच्या दारात आधी जातो, कोणाच्या दारात जातच नाही, काय विचारतो आणि कशावर अंगठा घेतो, हे नीट समजून घेतलं तर काही उपयोग. त्याच्या धंद्याला डोकं लागतं हे आम्ही मान्य करतो. पाऊस कधी पडेल हे आपण ढगावरून सांगतो, तसं कोणतं घर कधी नडणार हे तो सांगतो.

बऱ्याच जणांना वाटतं की दलाल जमीन विकत घेतो. तो घेत नाही. तेवढा पैसा त्याच्याजवळ नसतोच. तो जमीन नुसती बांधून ठेवतो. समजा, तीन एकर जमिनीचा एकरी चाळीस हजार भाव ठरवला. सगळे मिळून एक लाख वीस हजार झाले. त्यातले पाच हजार विसार म्हणून हातावर ठेवायचे, बाकीचे "परवानगी आल्यावर, सहा महिन्यांत" असं लिहून घ्यायचं. या कागदाला साठेखत म्हणतात. त्याच्या जोडीला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे माझ्या वतीने हा माणूस सगळ्या कचेऱ्यांत सही करील असा कागद. मग हे दोन कागद घेऊन तो ठाण्याला, मुंबईला जातो आणि फार्महाऊसवाली पार्टी शोधतो. पार्टीला तो एकरी एक लाख दहा हजार सांगतो. तीन एकराचे झाले तीन लाख तीस हजार. मधले दोन लाख दहा हजार त्याचे. जमिनीत त्याने एक दिवस नांगर धरला नाही, सातबारावर त्याचं नाव एका दिवसासाठी लागलं नाही. त्याने विकला तो आपल्या अंगठ्याचा कागद. हे आकडे आम्ही समजावण्यासाठी घेतले आहेत. भाव गावागावाला वेगळा, रीत मात्र सगळीकडे हीच.

पार्टी मिळाली नाही तर? तर दलालाचे पाच हजार अडकले. पण तो तेही सहसा सोडत नाही, व्याज लावून मागतो, नाहीतर तेच साठेखत दुसऱ्या दलालाला देतो. पाड्यावर मोटारसायकलवर येणारा हा साखळीतला सगळ्यात लहान. त्याच्या वर तालुक्याचा, त्याच्या वर शहरातला, आणि शेवटच्या शेटाला तर जमीन कोणाची होती हेही ठाऊक नसतं. कुंपण घालताना आपण आडवे आलो की त्याला खरोखरच नवल वाटतं.

आता बघा, हा सगळा धंदा एकाच गोष्टीवर उभा आहे. जमीनवाल्याने कमी भावाला हो म्हटलं पाहिजे. ज्याच्या घरात वर्षाचं भात आहे, पोरं धडधाकट आहेत, डोक्यावर उचल नाही, तो कमी भावाला हो कशाला म्हणेल? तो म्हणतो, बघू दिवाळीनंतर. दलालाला दिवाळीनंतरचा माणूस नको असतो. त्याला परवापर्यंत पैसे पाहिजे असलेला माणूस हवा असतो. म्हणून तो पहिल्यांदा जमिनीचा भाव काढतच नाही. आमच्या कार्यकर्त्यांनी पाड्यापाड्यांत विचारलं तेव्हा सगळीकडे एकच सवाल ऐकायला मिळाला. दलाल ओट्यावर बसतो, पाणी मागून पितो आणि हळूच विचारतो, "काका, कधीपर्यंत पाहिजेत?" किती पाहिजेत हे नंतर. दिवस जितका जवळचा, भाव तितका खाली. हा सवाल कोणी आपल्या ओट्यावर बसून विचारला तर समजा की तो गप्पा मारायला आलेला नाही.

आणि नड त्याला कळते कशी? त्यासाठी त्याला देवऋषी व्हावं लागत नाही. निम्मी बातमी कागदावरच असते. तलाठ्याच्या दप्तरात वारसांची नोंदवही असते, गाव नमुना सहा-क. गावात कोण मेलं, किती वारस लागले, हे तीत असतं. बाप गेला, पाच भावांची नावं लागली, त्यातला एक भिवंडीला लूमवर कामाला. हा एक जण दलालाला पुरतो. तो गावात राहत नाही, त्याला बांधाची माया उरलेली नाही, त्याच्याकडून एक अंगठा झाला की बाकीच्या चौघांना वकिलाची नोटीस. सातबाऱ्याच्या "इतर हक्क" या रकान्यात सोसायटीचा बोजा दिसतो. सोसायटीच्या भिंतीवर थकबाकीदारांची यादी लागते, ती आपण लाजेने वाचत नाही, दलाल मात्र वहीत उतरवून घेतो. हे कागद कोणीही बघू शकतो. बघणं हा गुन्हा नाही. आपण मात्र आपल्याच गावचे हे कागद बघत नाही.

उरलेली बातमी माणसांकडून मिळते. वीटभट्टीच्या मुकादमाला ठाऊक असतं की कोणाची उचल फिटली नाही आणि पुढच्या दिवाळीला कोणाला पुन्हा हात पसरावा लागणार. किराणावाल्याला ठाऊक असतं की कोणाचं उधार बंद करावं लागलं. जीपवाल्याला ठाऊक असतं की रात्री कोणाला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून "ठाण्याला घेऊन जा" असं कोणाला सांगितलं. कोर्टाच्या आवारात जामिनासाठी कोण रडतंय हे तर सगळ्यांनाच दिसतं, त्यात जंगलखात्याच्या केसवाले आपलेच जास्त. दारूच्या गुत्त्यावर बाकीचं कळतं. या सगळ्यांना दलाल चहा पाजतो, कधी शंभराची नोट देतो.

त्याच्या वहीला ऋतू आहेत. चैत्र-वैशाखात लग्नं. जूनमध्ये शाळा, बियाणं, कौलं. आषाढ ते भादवा हा कण्या आणि कंदमुळांचा काळ, घरात दाणा नसतो, मजुरी लावणीपुरती, आणि ताप-जुलाब याच दिवसांत. भात घरात आलं की दोन-तीन महिने तो पाड्यावर फिरकत नाही, तेव्हा तो शहरात कागद खपवत असतो. गेल्या काही वर्षांचे विसाराचे जेवढे कागद संघटनेच्या फायलीत आले ते तारखेने लावून बघितले तर बहुतेक पावसाळ्याचे आहेत. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावेत.

जमीनही तो कुठलीही घेत नाही. रस्त्याला लागून असलेली आणि ओढ्याला लागून असलेली आधी. त्यात त्याचा डाव असतो. शेटाला तुकडा नको असतो, एका चकतीत वीस-पंचवीस एकर हवे असतात. ते दहा-बारा घरांकडे विभागलेले असतात. त्या सगळ्यांना विचारत बसलं तर वर्ष जाईल. मग रस्त्याकडचं एक नडलेलं घर पकडायचं, तिथे तारेचं कुंपण घालायचं, की मागच्या सगळ्यांची बैलगाडीची वाट बंद. नाक दाबलं की तोंड उघडतं. मागचे लोक आपण होऊन भाव विचारायला येतात. म्हणून शेजाऱ्याने अंगठा दिला तर तो त्याचा प्रश्न, असं म्हणू नका. त्याची नड आज त्याची आहे, वाट मात्र सगळ्या पाड्याची जाते.

असंच एका पाड्यावर चाललं आहे. नाव देत नाही, कारण प्रकरण प्रांतांसमोर आहे आणि त्या घराला आणखी त्रास नको. मोठा मुलगा झाडावरून पडला, कंबरेला मार लागला, ठाण्याला हलवलं. जीपच्या भाड्यालाच पैसे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी दलाल दवाखान्यात हजर, हातात केळी आणि पाच हजार. बापाने आयुष्यात एवढे पैसे एका जागी बघितले नव्हते. "पावतीवर अंगठा करा" असं म्हणून तीन कागदांवर अंगठे घेतले. एक पावती होती, एक साठेखत, एक कुलमुखत्यारपत्र. जमीन दोन एकर, ओढ्याकाठची. सातबारावर पाच भावांची नावं, वाटप झालेलं नाही. पाड्याच्या बायका ज्या वाटेने पाण्याला जातात ती वाट त्याच जमिनीतून. मुलगा बरा झाला, आता काठी घेऊन चालतो, ही चांगली गोष्ट. पाड्याने दोन बकऱ्या विकून, घरटी वर्गणी काढून पाच हजार जमवले आणि दलालाला परत द्यायला गेले. तो घेईना. म्हणाला, पैसे नकोत, जमीन पाहिजे, कागद झालेला आहे. मग कुलमुखत्यारपत्र रद्द केल्याची नोटीस रजिस्टर पोच टपालाने पाठवली, तिची नक्कल तलाठ्याला दिली आणि चौकशीचा अर्ज केला. दोन तारखा झाल्या. पुढच्या तारखेला पाड्यावरून निदान तीस माणसं कचेरीत गेली पाहिजेत, नुसता बाप एकटा नको.

त्या दलालाचं म्हणणं काय, "कागद झालेला आहे". या शब्दाला आपली माणसं फार घाबरतात. म्हणून कायदा काय म्हणतो ते इथे सांगतो, सावकाश वाचा, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

महाराष्ट्र जमीन महसूल कायदा १९६६ चा. त्यात १९७४ साली ३६-अ हे कलम घातलं. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विक्रीने, बक्षीस म्हणून, अदलाबदलीने, गहाण म्हणून, पट्ट्याने किंवा आणखी कशानेही देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आधी घेतल्याशिवाय. पाच वर्षांपर्यंतचं गहाण किंवा पट्टा असेल तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी पुरते. विक्री असेल तर जिल्हाधिकाऱ्याला त्याआधी सरकारची मान्यता घ्यावी लागते. आधी, हा शब्द महत्त्वाचा. दलाल सांगतो की परवानगी मागाहून काढू, माझी वर ओळख आहे. मागाहून काढायची परवानगी कायद्यात नाही. हे कलम फक्त अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना आहे असंही तो सांगतो. तेही खोटं. आदिवासीची जमीन महाराष्ट्रात कुठेही असो, तिला हे कलम लागू आहे. मोडून व्यवहार झाला असेल तर जिल्हाधिकारी आपण होऊन किंवा अर्ज आल्यावर चौकशी करतो, व्यवहार बेकायदा ठरला की जमीन सरकारजमा होते आणि मूळ आदिवासीला ती परत घेणार का असं विचारलं जातं. अर्ज जितका लवकर तितका बरा. वर्षं गेली की साक्षीदार मरतात, बांध मोडतात, बंगला उभा राहतो.

साठेखताबद्दल आणखी एक. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा इंग्रजांच्या वेळचा, १८८२ चा. त्याच्या ५४ व्या कलमात स्वच्छ म्हटलं आहे की विक्रीच्या नुसत्या कराराने मालमत्तेत कोणाचा हक्क उत्पन्न होत नाही. म्हणजे साठेखत झालं म्हणून जमीन गेली असं होत नाही. आणि कुलमुखत्याराला मालकापेक्षा जास्त अधिकार कसा असेल? जे आपल्याला परवानगीशिवाय करता येत नाही ते आपल्या नावाने त्यालाही करता येत नाही.

कायदा इतका घट्ट आहे म्हणूनच दलाल आडवाटा काढतो. नव्याण्णव वर्षांचा पट्टा साध्या स्टँपवर लिहून घेतो. कागदात जात-जमात न लिहिता नुसतं "धंदा शेती" लिहितो. शेटाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरच्या किंवा वाडीवरच्या गड्याच्या नावाने व्यवहार करतो, कारण तो आदिवासी असतो. पैसा शेटाचा, नाव आपल्या भावाचं, आणि त्या भावाला त्या जमिनीतली काकडीही तोडता येत नाही. अशा बेनामी व्यवहारांविरुद्ध १९८८ चा कायदा आहे. असा ड्रायव्हर किंवा गडी तुमच्या नात्यात असेल तर त्याला समजावून सांगा की उद्या कचेरीची नोटीस शेटाला येणार नाही, त्याला येईल.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. मागच्या तालुका बैठकीत एका साथीने उठून विचारलं, "माझी जमीन, माझा पोरगा आजारी, संघटना मला अडवणार कोण?" काही जण त्याच्यावर ओरडले. आम्हाला ते ओरडणं पटलं नाही. त्याचा सवाल खरा आहे आणि त्याचं उत्तर दिलं पाहिजे. दलालाच्या प्रत्येक कागदात एक वाक्य ठरलेलं असतं, "मी हे अक्कलहुशारीने, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे". ज्याचा पोरगा खाटेवर आहे त्याची ही कसली खुशी? त्याला दुसरी वाट दिसली असती तर त्याने अंगठा दिला असता का? पण मग दुसरी वाट दाखवणं हे आपलं काम झालं. नुसतं "जमीन विकू नका" असं भिंतीवर लिहून दवाखान्याचं बिल भरत नाही. त्या साथीला आमचं उत्तर असं की तुला अडवायचा हक्क आम्हाला तेव्हाच, जेव्हा पाडा तुझ्या दाराशी दलालाच्या आधी पोचेल.

जुन्या लोकांना आठवत असेल, सावकारही असाच लग्न बघून यायचा. लग्नाला कर्ज दिलं की नवरदेव त्याचा लग्नगडी, आणि नवरीही त्याच्याच घरी राबायची. १९३९ साली सिमिंग्टन साहेबाने सरकारला दिलेल्या अहवालात आदिवासींच्या कर्जाची आणि वेठीची हकिगत लिहून ठेवली आहे. १९४५ ला वारल्यांनी लाल बावट्याखाली लग्नगडी मोडून काढली, ती कोणी नड भागवली म्हणून नव्हे, सगळे पाडे एकदम उठले म्हणून. शहाद्याकडे भिल्ल बांधवांच्या जमिनी अशाच कर्जात आणि कागदांत गेल्या होत्या. १९७२ च्या सुमाराला तिथे अंबरसिंग महाराजांच्या साथीने लोक उभे राहिले, पालघरकडे भूमिसेना उभी राहिली. अशा हलचालींच्या रेट्यानंतर १९७४ चे दोन कायदे झाले, एक वर सांगितलेला आणि दुसरा गेलेल्या जमिनी परत देण्याचा. या दुसऱ्या कायद्याखाली १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनींची प्रकरणं चालली. ज्या घरांची प्रकरणं अर्धवट पडून आहेत त्यांनी जुने कागद फेकू नयेत. सावकार आणि दलाल यांच्यात फरक इतकाच की सावकाराला पीक हवं होतं, म्हणून कूळ तरी जमिनीवर ठेवायचा. दलालाला आपण जमिनीवरही नको.

आता पाड्याने करायचं काय. काही ठिकाणी सुरुवात झाली आहे, तिथलंच सांगतो. कापणीनंतर घरटी दोन पायली भात किंवा नागली एका कणगीत. पावसाळ्यात ज्याला लागेल त्याने न्यायचं, कापणीला परत भरायचं, वाढी थोडीशी. याने कण्यांचे दोन महिने निघतात. जीपचं भाडं यातून निघत नाही, त्यासाठी रोख लागते. बायकांच्या बचत गटांनी एक वेगळा डबा ठेवला आहे, फक्त दवाखाना आणि जामीन यासाठी. हिशोब दर अमावस्येला सगळ्यांसमोर. लग्नासाठी त्यातून पैसे द्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं, त्यावर पुरुषांनी कुरकुर केली, पण आम्हाला ते बरोबर वाटतं. लग्न पुढे ढकलता येतं. शिवाय बँडवाल्याला आठ हजार देऊन मग दलालाकडे जाणं हे काही नशिबाचं नाही.

दुसरं, तलाठ्याकडून पाड्याच्या सगळ्या जमिनींचे सातबारे आणि आठ-अ वर्षातून एकदा काढून पाड्यावर मोठ्याने वाचायचे. कोणाचा बाप मेला आणि वारस नोंद राहिली, कोणावर बोजा, कोणाचा भाऊ बाहेरगावी, हे आपल्या वहीत दलालाच्या आधी आलं पाहिजे. बाहेरगावी असलेल्या भावाला निरोप जाऊ द्या, सणाला बोलवा, त्याचा वाटा त्याला पोचवा. त्याचा वाटा वर्षानुवर्षं आपणच खाल्ला तर तो दलालाला भेटणारच.

तिसरं, कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी तीन दिवस आणि पाड्यासमोर वाचन. दलाल म्हणेल आजच करा, उद्या भाव नाही. जो तीन दिवस थांबत नाही त्याचा कागद आपल्या फायद्याचा असणं कठीण. कोऱ्या स्टँपवर तर नाहीच नाही. आणि मूळ खातेपुस्तिका कोणाच्या हातात द्यायची नाही, झेरॉक्स आपण स्वतः जाऊन काढायची. कर्ज लागलंच तर सोसायटी किंवा बँकेसाठी जमीन गहाण ठेवायची वेगळी सोय कायद्यात आहे, ती आधी बघा.

आपल्याच पोरांबद्दल एक शब्द. दलालाची मोटारसायकल पाड्याची वाट विचारत येत नाही, तिच्या मागच्या सीटवर आपलाच कोणी बसलेला असतो. दहावी नापास, काम नाही, दलाल त्याला घरामागे हजार देतो आणि "एजंट" म्हणतो. अशा पोराला झोडपून काढायच्या गोष्टी काही ठिकाणी चालल्या आहेत. तसं करू नका. त्याला पाड्यासमोर बसवा, कोणाकोणाची बातमी दिली ते विचारा, वही मागा. त्याला कागद वाचता येतात, दलालाच्या युक्त्या ठाऊक आहेत. असा एक पोरगा आता आमच्यासाठी सातबारे वाचतो. पगार देता येत नाही, जेवण देतो. तो टिकेल की नाही हे आम्ही ठामपणे सांगत नाही, पण सध्या त्याच्याइतकं भराभर फेरफार वाचणारं दुसरं कोणी आपल्यात नाही.

डिसेंबर १९९६ ला संसदेने अनुसूचित क्षेत्रांसाठी पंचायतीचा वेगळा कायदा केला. त्यात आदिवासीची जमीन हातची जाऊ न देण्याचा आणि बेकायदा गेलेली परत मिळवण्यासाठी पावलं उचलण्याचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला द्यावा असं लिहिलं आहे. सावकारीवर ताबा ठेवण्याचंही त्यात आहे. हा अधिकार कचेरीतून चालत पाड्यावर येणार नाही. म्हणून येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने ठराव लिहून घ्यावा, की आमच्या गावातल्या आदिवासीच्या जमिनीचं साठेखत, पट्टा किंवा कुलमुखत्यारपत्र ग्रामसभेपुढे आल्याशिवाय आम्ही मानत नाही आणि तलाठ्याने अशा कागदावरून फेरफार धरू नये. ठरावाची प्रत तलाठी, तहसीलदार आणि प्रांत यांना द्यावी, पोच घ्यावी. ग्रामसेवक म्हणेल की हा विषय पत्रिकेवर नाही. आयत्या वेळचा विषय म्हणून घ्यायला सांगा आणि लिहून होईपर्यंत उठू नका.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी दहापासून संघटनेच्या कचेरीत कागद तपासायला कार्यकर्ते बसतील. सातबारा, आठ-अ, खातेपुस्तिका, विसार पावती, स्टँप, वकिलाची नोटीस, जे असेल ते आणावं. ज्याने अंगठा दिला आहे आणि हातात एकही कागद नाही, त्यानेही यावं. लाज धरून घरी बसू नये. कोणत्या दिवशी गेलो, कोणाबरोबर गेलो, कोणत्या गावच्या कचेरीत अंगठा केला, एवढं घरच्यांना विचारून आठवून यावं. कागद रजिस्टर झाला असेल तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सूची क्रमांक दोनमध्ये गावावरून आणि नावावरून शोधता येतो, नक्कल मिळते. नकलेची फी ठरलेली असते. तेवढीच द्यावी आणि पावती मागून घ्यावी.